रोखलेल्या गोलांचा हिशेब : गॅविन वाँगनीन आणि १९९३ चे ऑस्ट्रेलिया

१/
सप्टेंबर १९९३, मेलबर्न. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा आठवडा, आणि त्यातील सोमवारची रात्र. हंगामभर मोहोरबंद ठेवलेली पंचांची मते एकेक करून वाचली जात होती. मोजणी संपली तेव्हा १८ मते घेऊन पहिला आला होता गॅविन वाँगनीन. वय वर्षे वीस. या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, म्हणजेच ब्राउनलो पदक, त्याच्या गळ्यात पडले.

दोन गोष्टी नवलाच्या होत्या. तो बचावपटू होता आणि तो आदिवासी होता. हे पदक १९२४ पासून दिले जात होते. आदिवासी खेळाडूला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ.

२/
आजच्या धाग्यात या बचावपटूची सतरा वर्षांची कारकीर्द पाहू. प्रश्न मात्र केवळ खेळाचा नाही. त्याच वर्षी, त्याच शहरात, दुसऱ्या एका आदिवासी खेळाडूने केलेली एक कृती छायाचित्रामुळे अजरामर झाली. वाँगनीनच्या पदकाचे असे एकही जगप्रसिद्ध छायाचित्र नाही. इतिहास काय लक्षात ठेवतो आणि काय नुसते नोंदवून पुढे जातो, हे समजून घेण्यासाठी १९९३ हे वर्ष फार उपयोगी आहे.

३/
प्रथम खेळाची ओळख. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा सॉकर नव्हे आणि रग्बीही नव्हे. मैदान लंबवर्तुळाकार, बहुधा क्रिकेटचेच. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लांबट. तो पायाने मारावा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलावा. फेकता येत नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. ऑफसाइडचा नियमच नाही, त्यामुळे प्रत्येक आघाडीपटूच्या शेजारी एक बचावपटू सावलीसारखा उभा असतो.

४/
गोलच्या अगदी जवळ तीन बचावपटू असतात. मधला तो ‘फुल-बॅक’ आणि त्याच्या दोन्ही अंगांचे ते ‘बॅक पॉकेट’. बॅक पॉकेट ही जागा कष्टाची आणि फारशी कौतुकाची नसणारी. समोरच्या चपळ आघाडीपटूला चिकटून राहायचे, चेंडू त्याच्या हाती पडू द्यायचा नाही, पडलाच तर गोल होऊ द्यायचा नाही. गोल झाला की फलकावर आघाडीपटूचे नाव येते. गोल झाला नाही तर कोणाचेच येत नाही. बचावपटूचे यश म्हणजे न घडलेली घटना. आणि न घडलेल्या घटनेचा हिशेब ठेवणे कठीण.

५/
ब्राउनलो पदकाची पद्धतही लक्षात घ्या. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरील पंच एकत्र बसून तीन उत्तम खेळाडू निवडतात आणि त्यांना तीन, दोन व एक अशी मते देतात. पदक केवळ उत्कृष्टतेसाठी नसून सचोटीच्या खेळासाठीही असते; त्या हंगामात निलंबनाची शिक्षा झालेला खेळाडू अपात्र ठरतो. पंचांची नजर सहसा चेंडूमागे असते. त्यामुळे मते मैदानाच्या मध्यभागी खेळणाऱ्यांकडे झुकतात. वाँगनीनपूर्वी बॅक पॉकेटच्या जागेवरून हे पदक जिंकणारी ठळक नावे दोनच : १९५१ मध्ये जिलाँगचा बर्नी स्मिथ आणि १९८५ मध्ये फुट्सक्रेचा ब्रॅड हार्डी.

६/
आता थोडे मागे जाऊ. या खेळाचे पहिले लिखित नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये तयार झाले. ते करणाऱ्यांमध्ये टॉम विल्स हा नामांकित क्रिकेटपटू होता. १८६१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये वसाहतवाले आणि आदिवासी यांच्यातील रक्तरंजित संघर्षात विल्सचे वडील मारले गेले. त्यानंतर गोऱ्यांनी आदिवासींवर भीषण सूड उगवला. आणि तरीही, १८६६ मध्ये हाच विल्स पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी क्रिकेटपटूंच्या संघाचा प्रशिक्षक झाला. त्या वर्षीच्या २६ डिसेंबरला हा संघ मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर उतरला.

७/
त्या संघातील जॉनी मुलाग हे नाव मराठी क्रिकेटरसिकाने ऐकलेले असण्याची शक्यता आहे. डिसेंबर २०२० मध्ये याच मैदानावर अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावा काढल्या आणि भारताने कसोटी जिंकली. सामनावीर म्हणून त्याला मिळालेले पदक मुलागच्या नावाचे होते, आणि ते मिळवणारा रहाणे पहिला खेळाडू. १८६८ मध्ये आदिवासी संघ इंग्लंडला गेला. परदेशदौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा तो पहिला संघ. मुलागने त्या दौऱ्यात १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले.

८/
या संघाचे पुढे काय झाले? १८६९ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीने आदिवासी ‘संरक्षण’ कायदा केला. आदिवासींनी कोठे राहावे, कोठे काम करावे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे गेला. असे दौरे त्यानंतर जवळजवळ अशक्य झाले. जगभर फिरून आलेल्या खेळाडूंना आपल्याच मुलखात मुक्त संचार उरला नाही. खेळातले कौतुक आणि कायद्यातले स्थान यांमधील हे अंतर ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात वारंवार दिसते.

९/
फुटबॉलमध्ये हे अंतर कसे दिसले, याचे उदाहरण म्हणजे डग निकल्स. १९२७ मध्ये ते कार्लटन क्लबात दाखल व्हायला गेले, परंतु वर्णद्वेषामुळे त्यांना तेथून परतावे लागले. अंगाला वास येतो अशी तक्रार करण्यापर्यंत मजल गेली होती. पुढे १९३२ पासून फिट्झरॉय क्लबाकडून ते वरच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळले आणि गाजले. खेळ सोडल्यावर ते धर्मोपदेशक व आदिवासी हक्कांचे पुरस्कर्ते झाले. १९७२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९७६ मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही राज्याचे ते पहिले आदिवासी गव्हर्नर.

१०/
याच दक्षिण ऑस्ट्रेलियात १८ जून १९७३ रोजी माउंट गॅम्बिअर या गावी गॅविन वाँगनीनचा जन्म झाला. त्याचे मूळ कोकथा समाजातले. या समाजाची परंपरागत भूमी राज्याच्या पश्चिमेकडील रुक्ष, वाळवंटी टापूत आहे. १९९० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो पोर्ट ॲडलेड या १८७० साली स्थापन झालेल्या जुन्या क्लबाकडून राज्यस्तरीय स्पर्धेत उतरला. त्या वेळी तो पुढच्या फळीत, म्हणजे गोल करणाऱ्यांत खेळे. हंगाम संपला तेव्हा पोर्ट ॲडलेड विजेता होता आणि सतरा वर्षांचा वाँगनीन विजेत्या संघात होता.

११/
१९९१ मध्ये तो मेलबर्नच्या एसेन्डन क्लबात आला. मेलबर्न व परिसरातल्या क्लबांची जुनी व्हिक्टोरियन स्पर्धा नुकतीच, १९९० मध्ये, ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ या नावाने राष्ट्रीय झाली होती. एसेन्डनचे प्रशिक्षक केविन शीडी हे स्वतः रिचमंड क्लबाचे नावाजलेले बॅक पॉकेट. पेशाने ते प्लंबर होते, आणि ‘बॅक पॉकेट प्लंबर’ हे त्यांचे बिरुद या खेळात कष्टाळू बचावपटूचा समानार्थी शब्दच होऊन बसले. या माणसाला त्या जागेची किंमत ठाऊक होती. त्यांनी वाँगनीनला बचावफळीत आणले.

१२/
येथे वाँगनीनचे वेगळेपण दिसते. जुन्या चालीचा बॅक पॉकेट आपल्या प्रतिस्पर्ध्याला क्षणभरही सोडत नसे. आघाडीपटूचे मन ओळखणारा वाँगनीन चेंडू कोठे पडणार याचा अंदाज बांधून आपला माणूस सोडी, मध्येच झेप घेऊन चेंडू हिरावी आणि तेथूनच प्रतिहल्ला सुरू करी. अंदाज चुकला तर मागे मोकळा राहिलेला आघाडीपटू सहज गोल करणार, हा धोका प्रत्येक वेळी होता. म्हणून या खेळाला धाडसाबरोबर अचूक निर्णयशक्ती लागे. १९९२ मध्येच, एकोणिसाव्या वर्षी, त्याची राष्ट्रीय निवड संघात वर्णी लागली. पुढे १९९३, १९९५, २००१ आणि २००३ मध्येही तो मान त्याला मिळाला.

१३/
ही बाब महत्त्वाची का? आदिवासी खेळाडूंविषयी एक साचेबंद समज दीर्घकाळ रूढ होता. त्यांचा खेळ म्हणजे ‘जादू’, ‘उपजत देणगी’. ते क्षणभर डोळे दिपवतील, पण चिकाटी, शिस्त, नेतृत्व यांसाठी त्यांच्यावर विसंबता येणार नाही. वरवर हे कौतुक वाटते. वस्तुतः ते श्रमाचे आणि बुद्धीचे श्रेय नाकारणे होते. बॅक पॉकेट ही अशी जागा आहे की जिथे जादूवर भागत नाही. सामना अखेरपर्यंत, दर वेळी, बरोबर निर्णय घ्यावा लागतो.

१४/
आता १९९३ च्या भोवतालकडे पाहू. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने माबो खटल्याचा निकाल दिला. इंग्रज येण्यापूर्वी ही भूमी कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नव्हती, ही समजूत न्यायालयाने फेटाळली आणि आदिवासींचा परंपरागत भूमिहक्क मान्य केला. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी सिडनीच्या रेडफर्न भागातील भाषणात आदिवासींची भूमी हिरावल्याची आणि त्यांची मुले आईबापांपासून तोडल्याची जबाबदारी गोऱ्या समाजाची आहे, असे उघडपणे मान्य केले. १९९३ हे संयुक्त राष्ट्रांनी जगातील आदिवासींसाठी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय वर्ष होते.

१५/
१७ एप्रिल १९९३. मेलबर्नमधील कॉलिंगवुड क्लबाचे व्हिक्टोरिया पार्क मैदान. पाहुण्या सेंट किल्डा संघाचे निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकॲडम हे दोघे आदिवासी खेळाडू दिवसभर प्रेक्षकांच्या शिव्या ऐकत उत्कृष्ट खेळले आणि त्यांचा संघ जिंकला. सामना संपताच विनमार शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकांकडे वळला, त्याने अंगातील जर्सी वर उचलली आणि आपल्या त्वचेकडे बोट दाखवले. छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. आपल्या वर्णाचा अभिमान सांगणारे ते छायाचित्र आज ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक स्मृतीचा भाग आहे.

१६/
विनमारने प्रश्न विचारला होता. त्याच हंगामात, दर आठवड्याला, पंचांच्या मोहोरबंद लिफाफ्यांत एका आदिवासी बचावपटूच्या नावापुढे मते साठत होती. मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हते. सप्टेंबरमध्ये लिफाफे उघडले तेव्हा वाँगनीनची १८ आणि कार्लटनच्या ग्रेग विल्यम्सची १७ मते निघाली. विल्यम्सला एका सामन्यात चाळीसहून अधिक वेळा चेंडू हाती येऊनही एकही मत मिळाले नव्हते, यावर वाद झाला आणि अजूनही होतो. पुढच्याच वर्षी विल्यम्सने ते पदक जिंकले. तथापि वादाने वाँगनीनच्या अठरा मतांपैकी एकही कमी होत नाही.

१७/
त्या हंगामातील एसेन्डनचा संघ इतका तरुण होता की लोक त्याला ‘बेबी बॉम्बर्स’ म्हणत. क्लबाचे टोपणनाव ‘बॉम्बर्स’, त्यावरून हे. फुल-बॅकच्या जागी खेळणारा डस्टिन फ्लेचर तर तेव्हा शाळेत शिकत होता. अंतिम फेरीत जाण्यासाठीच्या सामन्यात ॲडलेडविरुद्ध हा संघ मध्यंतराला ४२ गुणांनी मागे होता. तेथून तो ११ गुणांनी जिंकला. २५ सप्टेंबर १९९३ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरील अंतिम सामन्यात एसेन्डनने कार्लटनला १३३ विरुद्ध ८९ असे हरवले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक मिळाले एसेन्डनच्याच मायकल लाँगला. तोही आदिवासी. एकाच आठवड्यात खेळातील दोन मोठी वैयक्तिक पदके एकाच संघातील दोन आदिवासी खेळाडूंकडे गेली.

१८/
म्हणून वर्णद्वेष संपला का? नाही. २५ एप्रिल १९९५ रोजी एसेन्डन विरुद्ध कॉलिंगवुड या पहिल्या ‘ॲन्झॅक दिन’ सामन्यात एका प्रतिस्पर्ध्याने लाँगला वर्णावरून शिवी दिली. लाँगने ती मुकाट्याने गिळली नाही. त्याने दाद मागितली. परिणामी लीगने ३० जून १९९५ पासून खेळाडूंच्या वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम लागू केला. ऑस्ट्रेलियातील क्रीडासंस्थांपुढे तो एक वस्तुपाठ ठरला. लाँगचे आईवडील बालपणी सरकारने कुटुंबांपासून तोडून नेलेल्या मुलांपैकी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या आग्रहामागील वेदना समजते.

१९/
वाँगनीनच्या कारकिर्दीचा दुसरा अध्याय त्याच्या मूळ राज्यात घडला. १९९७ मध्ये पोर्ट ॲडलेड राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाले. नव्या संघाचा पहिला कर्णधार म्हणून क्लबाने एसेन्डनहून वाँगनीनला परत आणले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पहिल्याच सामन्यात कॉलिंगवुडने त्यांना ७९ गुणांनी चिरडले. पण एप्रिलमध्ये शहरातील प्रतिस्पर्धी ॲडलेड क्लबावर पोर्टने ११ गुणांनी विजय मिळवला आणि पहिला हंगाम नवव्या क्रमांकावर संपवला. नवख्या संघाचे अपयश अंगावर घेत त्याने २००० पर्यंत, चार हंगाम, कर्णधारपद सांभाळले.

२०/
कर्णधारपद सोडल्यावर अनेकांची कारकीर्द उताराला लागते. वाँगनीनची पुन्हा चढणीला लागली. २००३ मध्ये, तिशीत पोहोचताना, तो पोर्टचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाच्या नशिबी मात्र एक विचित्र शाप होता. २००२ आणि २००३ मध्ये साखळीत अव्वल राहूनही बाद फेरीत तो कोसळला. २००४ मध्ये पुन्हा अव्वल. या वेळी सेंट किल्डावर अवघ्या सहा गुणांनी मात करून पोर्टने अंतिम सामना गाठला.

२१/
समोर होता सलग तीन विजेतेपदे मिळवलेला ब्रिस्बेन. तारीख २५ सप्टेंबर २००४. १९९३ च्या अंतिम सामन्याला बरोबर अकरा वर्षे. मैदानही तेच. पोर्टने ब्रिस्बेनला ११३ विरुद्ध ७३ असे नमवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आता पुढच्या फळीत खेळणाऱ्या वाँगनीनने त्या सामन्यात चार गोल केले. नॉर्म स्मिथ पदक मिळवणारा बायरन पिकेट हाही आदिवासीच. त्याच संघात शॉन बर्गॉइन हा तरुण आदिवासी खेळाडू होता. ते नाव लक्षात ठेवा.

२२/
२००६ मध्ये वाँगनीन निवृत्त झाला. एसेन्डनसाठी १२७ आणि पोर्टसाठी १७३, असे बरोबर ३०० सामने. लीगमध्ये तीनशेचा टप्पा गाठणारा तो पहिला आदिवासी खेळाडू. मला त्याच्या सर्व आकड्यांत हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. तीनशे सामने एखाद्या चमकदार दुपारचे फळ नसतात. दुखापती, फॉर्म हरवणे, कर्णधारपदाचे ओझे, नवी पिढी, या साऱ्यांतून सतरा वर्षांच्या अवधीत टिकून राहिल्यावरच तो आकडा गाठता येतो. ‘चमकतील पण टिकणार नाहीत’ या समजाला याहून नेमके उत्तर कोणते असणार?

२३/
आणि शॉन बर्गॉइन? तो २०२१ मध्ये ४०७ सामने खेळून थांबला. दरम्यान ॲडम गुड्स या आदिवासी खेळाडूने २००३ आणि २००६ अशी दोनदा ब्राउनलो पदक मिळवले. परंतु याच गुड्सने वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठवल्यावर प्रेक्षकांनी त्याची इतकी हुर्यो उडवली की २०१५ मध्ये त्याने खेळ सोडला. २०१९ मध्ये लीगने आणि सर्व क्लबांनी त्याची जाहीर माफी मागितली. तेव्हा १९९३ ला ‘विजयाचे वर्ष’ म्हणून त्यावर पडदा टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. दारे उघडली होती. ती उघडी ठेवण्याचा झगडा चालूच राहिला.

२४/
आज वाँगनीन चित्रकार म्हणून ओळखला जातो. आपल्या कोकथा वारशाशी असलेले नाते तो रंगांतून शोधतो आहे. १९९३ नंतर, मुख्यतः बचावपटू म्हणून खेळलेल्या कोणालाही ब्राउनलो पदक मिळालेले नाही. विनमारच्या उचललेल्या जर्सीने देशाला पाहायला भाग पाडले, त्याचे मोल अपार आहे. पण पाहिल्यानंतर देशाचे मत बदलायचे तर दुसऱ्याही प्रकारचे काम लागते. सामन्यामागून सामना, निर्णयामागून निर्णय, कोणाचे लक्ष असो वा नसो. इतिहासाच्या अभ्यासकाने छायाचित्राबरोबर नोंदवहीही उघडून पाहावी ती यासाठी.

२५/
धागा येथे संपतो. आता प्रश्न तुम्हाला. कबड्डीतला कोपरारक्षक, हॉकीतला फुल-बॅक, क्रिकेटमधला एका टोकाला तळ ठोकून उभा राहणारा फलंदाज : ज्यांनी धोका टाळला आणि म्हणूनच जे विसरले गेले, असे आपल्याकडचे खेळाडू तुमच्या मते कोण? उत्तरांत जरूर लिहा. नाव लिहिताना त्यांचा एक सामना आणि त्याचे वर्षही लिहा, नोंद राहील.